हरकत नाही

तलाठ्याने संमतीपत्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं.

“गुरुजी, ही सही तुमच्या बहिणीचीच ना?”

“म्हणजे काय!” काशीराम मास्तर म्हणाले.

“राग मानू नका. त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे, म्हणून मी बांद्याला त्यांच्या सासरी निरोप पाठवला. अकराच्या एसटीने येतायत.”

मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

त्यांच्या गौरजाला ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. व्हिसासाठी बापाची ऐपत दाखवायची होती. सोमवारी कागद दिल्लीला गेले नाहीत तर सगळंच बारगळणार होतं. मास्तरांकडे पेन्शन होती आणि तारकर्लीची माडांची बाग. पर्यटक यायला लागल्यापासून तिथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता. पण बागेत अर्धा हिस्सा विमलचा, त्यांच्या धाकट्या बहिणीचा. नुसत्या अर्ध्या बागेवर मिळणारा ऐपतीचा दाखला व्हिसाला पुरत नव्हता. पुरी बाग दाखवायची तर तिची लेखी संमती हवी.

आणि विमलशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर तिने हिस्सा मागितला, तेव्हा मास्तर भर अंगणात तिला बोलले होते, “लगीन करून दिला, आता तुजा हंय काय आसा?” तिने कचेरीत अर्ज केला, स्वतःचं नाव लावून घेतलं आणि पुन्हा माहेरी पाऊल टाकलं नाही.

तिच्यापुढे हात पसरणं मास्तरांना जमलं नाही. घरी आलेल्या तिच्या त्या जुन्या अर्जाच्या नकलेवरची सही त्यांनी तीन पानं गिरवली आणि मग संमतीपत्रावर उतरवली. प्रगतिपुस्तकावरच्या बापांच्या खोट्या सह्या बत्तीस वर्षं पकडणाऱ्या मास्तरांनी.

विमल आली. घाम पुसला, छत्री दाराला टेकवली. भावाकडे पाहिलं नाही. तलाठ्याने कागद पुढे केला. तिने तो, गौरजाच्या शिक्षणाचं कारण लिहिलेलं होतं तिथपासून, ओळ न् ओळ वाचला. मग सहीवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबली.

आता हिने तोंड उघडलं की संपलं, मास्तरांना वाटलं. दाखला गेला, पोरीचं वर्ष गेलं, वर पोलीस केस.

“ही माजी सही नाय,” विमल म्हणाली.

तलाठी मास्तरांकडे बघतच राहिला. शाळेत त्यांच्याच हातच्या छड्या खाल्लेला तो पोरगा. मास्तरांची मान वर होईना.

“पण हरकत नाय म्हणान लिवला हा, ता खरा आसा,” ती तलाठ्याला म्हणाली. “दुसरो कागद काढा. सही माजी घेवा.”

तलाठ्याने पहिला कागद उभा फाडला आणि कोरा पुढे सरकवला.

बाहेर पायरीवर मास्तर बहिणीला गाठायला धावले. “विमल...” एवढंच फुटलं.

“भांडाण तसाच आसा, दादा,” छत्री उघडत ती म्हणाली. “आदी आपला चेडू, गौरजा, शिकाक जावंदे.”