पेरूची फोड

कराडच्या बाजारात मी चांगला म्हटल्याशिवाय मिटता चाकू कुणी घेत नसे. मी त्या चाकूनं पेरू कापायचो आणि फोड चाखायचो. लोखंडाची चव लागली, की पातं हलक्या प्रतीचं.

त्रेसष्ट साली, बौद्ध झालेल्या लिंबाजी कांबळेनं स्वतः घडवलेला पहिला चाकू पुढं केला. मी पात्यावर नख मारून आवाज ऐकला.

"लय चांगला हाय."

"फोड न्हाई चाखली, आण्णा?"

"पोट बिघडलंय रं."

तेवढ्यात त्याच्या मागं उभ्या जिनपाल पाटलानं स्वतःचा चाकू दिला. सवयीनं मी पेरू कापला, फोड तोंडात टाकली. मग माझी मान वर होईना.

लिंबाजीनं आपला चाकू मिटला.

"पोटाला जपा, आण्णा."