सलाउद्दीनची तात

रविवार, ५ मार्च १९३९. दुपारी साडेतीन वाजता देवळालीत, धनबाई सेठनांच्या बंगल्यात, चेलोची तिसरी तार तुटली. कार्यक्रम सहाला होता.

धनबाईंकडे उतरलेले व्हिएन्नाचे वादक ओटो हिर्शलर यांनी गुडघ्यांत धरलेल्या त्या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्याची तुटकी तार बोटाभोवती गुंडाळली आणि पियानोकडे पाहिलं. पियानोवर त्यांची बायको एल्झा होती. जादाची तार कोरड्या हवेनं मागच्याच आठवड्यात गेली होती आणि दुसरी तार मुंबईशिवाय मिळणार नव्हती. मुंबईहून तर ऐकणारे निघाले होते. एका संगीतशाळेचे चिटणीस. वादन त्यांना पसंत पडलं तर दोघांना शिक्षकाची नोकरी होती. नोकरीचं पत्र नसेल तर या देशात राहण्याची परवानगी महिनाअखेरीला संपत होती. व्हिएन्नाला परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागच्या पडवीतून धुन्न, धुन्न असा आवाज येत होता. ओटो उठून तिकडे गेले. धनबाई त्यांच्या मागोमाग.

पडवीत सलाउद्दीन पिंजारी आठ गाद्या उसवून बसला होता. पिंजायच्या कमानीला ताणून बांधलेली तात कापसात धरून लाकडी ठोकळ्यानं ठोकत होता. ओटोंनी कापसात गुडघे टेकले आणि तुटकी तार तातेला लावून पाहिली. जाडी सारखी होती.

"कशाची आहे, विचारतायत साहेब," धनबाई म्हणाल्या.

"बकऱ्याच्या आतड्याची. दुसरी कशाची असती?"

धनबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. ओटो हसले. त्यांची तारही आतड्याचीच होती.

मोलकरीण नवसाबाई चौकटीत उभी होती. "घ्या! तीन वर्सं गाद्या बडवल्या, आता गोऱ्या सायबाच्या मांडीवर बसून गाणार बकरं!"

"तू गप गं," सलाउद्दीन म्हणाला आणि कमानीची गाठ सोडू लागला.

तात चेलोवर चढवायला पाऊण तास गेला. एल्झा पियानोची एकच पट्टी वाजवत राहिली, ओटो खुंटी पिळत राहिले. सलाउद्दीन कान देऊन उभा होता. एकाएकी त्यानं हात वर केला.

"बास. लय ताणली. बोलाय लागली ती."

"बोलायला म्हणजे?" धनबाईंनी विचारलं.

"तुटायच्या आधी बोलती, बाईसाहेब. आत एकेक पदर सुटतो, त्याचा खर्र आवाज येतो. तवा थांबायचं. नाय थांबलं तर अंगावर येती." त्यानं उजव्या भुवईवरचा व्रण दाखवला. तो डोळ्यापासून बोटभर होता.

एल्झानं पट्टी पुन्हा वाजवली. तात अजून किंचित खाली होती. पियानो खाली आणता येणार नव्हता. ओटोंनी खुंटी आणखी थोडी पिळली.

मग असं ठरलं की सलाउद्दीन दाराशी, ओटोंना दिसेल असा बसेल. खर्र ऐकू आलं की हात वर करेल, आणि ओटो जिथे असतील तिथे थांबतील. चिटणीसांना जे वाटायचं ते वाटेल.

सहाला सोळा खुर्च्या भरल्या होत्या. शेवटची खुर्ची चेलोपासून सात पावलांवर होती. खालचे सूर कानाच्या आधी खुर्चीच्या पाठीतून पोचत होते. कपाटातले काचेचे पेले किणकिणू लागले तेव्हा धनबाईंनी उठून कपाटाला हात लावला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. नवसाबाई चहा घेऊन आली. तिनं ट्रे ना पुढे नेला, ना खाली ठेवला. चहा निवला.

तिसऱ्या भागात पियानो थांबला. ओटोंचा गज एकट्या त्या तातेवर आला आणि इतका सावकाश सरकू लागला की तो हलतो आहे हे पाहावं लागत होतं. सूर जरासा घोगरा होता. तीन वर्षं सलाउद्दीननं या तातेतून एकच आवाज काढला होता. तो भिंतीपासून पुढे सरकून बसला.

खर्र.

सोळा खुर्च्यांतल्या कोणालाही ते ऐकू गेलं नाही. ओटोंनी दाराकडे पाहिलं. सलाउद्दीनचा हात गुडघ्यावर होता. गज चालू राहिला. थोड्या वेळानं पुन्हा खर्र झालं. हात गुडघ्यावरच होता. मग पियानो परत आला, आणि दोघं मिळून शेवटापर्यंत गेले.

चिटणीसांची पेन्सिल वहीवरून घरंगळून खाली पडली होती. त्यांनी ती उचलली नाही. निघताना त्यांनी एल्झाचा हात हातात घेतला, "पत्र पाठवतो" एवढंच म्हणाले आणि आठच्या गाडीसाठी नाशिक रोडला गेले.

ओटो खुंटी सैल करत होते. तातेचे दोन पदर सुटून केसांसारखे उभे राहिले होते. धनबाईंनी ते पाहिलं आणि त्या दाराशी आल्या.

"तुला ऐकू नाही आलं?"

"आलं. दोनदा."

"मग हात वर का नाही केलास? डोळा गेला असता त्यांचा!"

सलाउद्दीननं आपल्या हाताकडे पाहिलं.

"उचलंना, बाईसाहेब."

आज शनिवार, ११ मार्च. आठ गाद्यांचा कापूस पडवीत पडून आहे आणि बंगल्यातली माणसं सतरंजीवर झोपतात. नवी तात आणायला चांदवडला जातो असं सलाउद्दीन रोज म्हणतो. अजून गेलेला नाही. सहा वाजता ओटो वाजवायला बसले की मात्र दाराशी येऊन बसतो. चेलोची नवी तार गुरुवारी मुंबईहून टपालानं आली. ओटोंनी पाकीट फोडलेलं नाही. चिटणीसांचं पत्र आलेलं नाही. तात अजून तुटलेली नाही.