नऊ दयाळ

पिंजऱ्याला एक दार पुरणार नाही, दोन हवीत, असं केरबाने आसावरीला सांगितलं. आत शिरलं की पहिलं दार लावायचं, मगच दुसरं उघडायचं. नाहीतर पाखरू डोक्यावरून निसटतं.

आसावरी लोणावळ्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. कार्ल्याजवळच्या तिच्या जागेत नऊ दयाळ पक्षी येणार होते. विकायला नेताना हायवेवर एका गाडीत सापडलेले, पंख कातरलेले. नवी पिसं येऊन उडता येईपर्यंत त्यांना उघड्यावरचा मोठा पिंजरा हवा होता आणि तो उभारायला वनखात्याने चारच दिवस दिले होते. पलीकडच्या वाडीतला साठीचा केरबा स्वतःहून कामाला आला होता.

काम चोख होतं. पिसं घासू नयेत म्हणून त्याने जाळीला आतून हिरवी नेट लावली. उडता न येणाऱ्यालाही वर जाता यावं म्हणून फांद्या पायऱ्यांसारख्या बांधल्या. पाखरांचं एवढं कसं ठाऊक, असं आसावरीने विचारलं. रानातच वाढलो, एवढंच तो बोलला.

पक्षी आले. तिसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक अमृतचा फोन आला. आरोपी जामिनावर सुटला होता. पक्षी म्हणजे मुद्देमाल, ते नाहीसे झाले तर केस उभी राहणार नाही, तेव्हा अनोळखी माणसाला जवळ फिरकू देऊ नका, असं त्याने बजावलं. आसावरीने आरोपीचं नाव विचारलं.

"आदिनाथ केरबा शेलार. तुमच्या पलीकडच्या वाडीतलाच आहे."

खिडकीबाहेर केरबा पिंजऱ्याच्या कडीला तेल घालत होता.

संध्याकाळी तिने त्याला काम संपल्याचं सांगितलं आणि दाराला नवं कुलूप घातलं. तो जागचा हलला नाही.

"सकाळी येकदा बघून जातो, बाई."

"नको, आबा. आता येऊ नका."

तो निघून गेला.

उजाडता उजाडता दयाळांच्या कर्कश ओरडण्याने तिला जाग आली. ती धावत गेली. कुलूप तुटून खाली पडलं होतं. आत केरबा उभा होता. त्याच्या हातात तोंड आवळलेलं पोतं होतं आणि पोत्यात काहीतरी धडपडत होतं.

तिने बाहेरचं दार ओढून कडी घातली आणि अमृतला फोन लावला.

अर्धा तास दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभी होती. "बाई, जरा वर बगा," केरबा एकदाच म्हणाला. तिने पोत्यावरची नजर काढली नाही.

अमृत आला. त्याने पोतं बाहेर आणून सोडलं. आतून जाड दोरासारखी लांबलचक धामण सळसळत निघाली आणि गवतात नाहीशी झाली. वर फांदीवर नऊच्या नऊ दयाळ एकमेकांना चिकटून बसले होते.

आज धामण निघाली, उद्याचं काय, असं आसावरीने अमृतला विचारलं.

"हे आदिनाथचे वडील आहेत. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

अमृतने केरबाकडे पाहिलं. केरबाने खाली बघतच होकारार्थी मान हलवली.

"माहीत आहे, मॅडम," अमृत म्हणाला. "पोराच्या गाडीचा नंबर आम्हाला यांनीच कळवला होता."