तारीख पाहिली ना?

"सापनं औषध शे का, आबा?"

छगनला धाप लागली होती. शिंदखेड्याकडच्या त्याच्या शेतात मूग तोडताना बायकोला, ताईबाईला, साप चावला होता. धुळ्याच्या दवाखान्यातलं औषध संपलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्याला गौतमचंदच्या औषधाच्या दुकानात पिटाळलं होतं.

"एकच बाटली आहे," गौतमचंद म्हणाला. "पण तारीख उलटून वर्ष झालं."

"तारीख काय चाटू का, आबा? बायको मरी ऱ्हायनी तठे!"

गौतमचंद तारखेला पक्का. घर जैनांचं. त्याची बायको धनकुंवर पावसाळ्यात दळलेल्या पिठाचेही दिवस मोजायची. दिवस उलटले की पीठ गाईला. दुकानातून साधं खोकल्याचं औषध घरी नेलं तरी विचारायची, "तारीख पाहिली ना?"

गेल्या श्रावणात परसात तिलाही साप चावला. ती गेली.

"जुनं औषध टोचायला लावलं असेल," लोक मागे बोलत. तारीख उलटलेली प्रत्येक बाटली तो फोडून टाकायचा. ही एक मात्र त्यानं कपाटात तशीच ठेवली होती.

"देऊ नकोस," शेजारचा दुकानदार मांगीलाल हळूच म्हणाला. "पुन्हा तेच व्हायचं."

चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलं होतं, जुनी असली तरी पाठवा. गौतमचंदनं बाटली काढली. ती त्यानं छगनच्या हातात ठेवली.

आठवड्यानं छगन मुगाच्या शेंगा घेऊन आला. मागून ताईबाई, स्वतःच्या पायांनी.

"पहा आबा, घर ऊनी तशी मन्हावर वरडाले लागनी!"

"मंग काय! गाय बठ्ठा दिन उपाशी ऱ्हायनी, आबा!" ताईबाई फणकारली.

मांगीलाल मोठ्यानं हसला. "सुटलास रे, गौतमचंद!"

गौतमचंद हसला नाही. "त्याच बाटलीनं उतरलं?" त्यानं विचारलं.

"तीच. दुसरं काय व्हतं?"

शेंगा तशाच राहिल्या. दोघं गेल्यावर तो उठला आणि कपाटातल्या रिकाम्या जागेसमोर उभा राहिला.

गेल्या श्रावणात धनकुंवर घरात तडफडत होती, तेव्हाही ती बाटली तिथंच होती. तारीख नुकतीच उलटली होती, म्हणून त्या बाटलीला हात न लावता त्यानं नव्या बाटलीसाठी माणूस जळगावला पाठवला होता.