तीन सूत

शोभा खंदारे मॅडम गेल्याचं कळलं, त्या दिवशी कॉलेजला सुट्टी दिली. पण त्यांचा वर्ग भरलाच. मॅडमनी बनवलेली पट्टी कपाळाला लावली की शाळेत आपलं गणित कोणत्या धड्यापाशी अडलं ते पट्टीवर उमटायचं. तो धडा आधी शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याला शिकवायचा. नापासांचा वेगळा वर्ग मॅडमनी असा बंद केला होता.

तेराव्यानंतर मारोतराव, त्यांचे फिटर पती, उरलेल्या पट्ट्या परत द्यायला आले. प्राचार्य म्हणाले, “मॅडमशिवाय हे कसं चालणार? नापासांचा जुना वर्ग सुरू करू.”

वर्गातल्या तस्नीमनं एक पट्टी मारोतरावांच्याच कपाळाला लावली.

“चौथी. अपूर्णांक,” तिनं पट्टीवरचं वाचलं. “काका, पाइप कशानं मोजता?”

“सुतानं. आठ सुतांचा इंच.”

“मग तीन सूत म्हणजे इंचाचे आठातले तीन भाग. हे उदाहरण मॅडमचंच. म्हणायच्या, आमच्या घरी एक जण रोज अपूर्णांकात काम करतो आणि मला येत नाहीत म्हणतो.”

मारोतरावांनी खडू उचलला. मग फळ्यावर त्यांनी ३/८ लिहिलं.

“साहेब, तिचा वर्ग चालू आहे,” ते प्राचार्यांना म्हणाले.

प्राचार्यांनी जुन्या वर्गाची नोटीस काढली नाही. मारोतराव दर शनिवारी येतात. त्यांच्या ऋण संख्या अजून शिकायच्या राहिल्या आहेत.