पत्र्यावरचा दादा

"दादा, सापडली ती मालिका," मी मोबाइल भावाच्या हातात दिला. "आपला रविवारचा यंत्रमानव."

काचबिंदूने दादाची नजर गेल्याला दोन वर्षं झाली होती. निदान आवाज तरी ऐकेल, म्हणून मी आठवडाभर शोधत होते.

घोगरा आवाज ऐकताच तो हसला. "हाच. पत्र्यावर स्पष्ट ऐकू यायचा."

चाळीस वर्षांपूर्वी गावात टीव्हीचं चित्र धड यायचं नाही. दर रविवारी दादा पत्र्यावर चढून अँटेना धरून उभा राहायचा. हात सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. "दिसतंय का?" तो वरून ओरडायचा. आम्ही धाकटी भावंडं "दिसतंय" म्हणून मालिकेतल्या एकविसाव्या शतकात हरवून जायचो.

"दिसायला कसा होता गं तो?" दादाने विचारलं.

त्याने एकही भाग पाहिला नव्हता, हे मला आज कळत होतं.

"डोक्यावर दोन लुकलुकते दिवे," मी सांगू लागले. "छातीवर बटणं. चालताना डुलायचा..." मी मध्येच थांबले.

दादाला वाटलं, चित्र गेलं. त्याने मोबाइल दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला.

"आता दिसतंय का?"