तळाची अक्षरे

“देव जुना हवा,” पुढारी म्हणाला. “निदान हजार वर्षांचा.”

मूर्तिकाराने छिन्नी खाली ठेवली. “कधीपर्यंत?”

“महिन्याच्या आत. नंतर निवडणुकीची तारीख लागेल.”

हजार वर्षांचे काम एका महिन्यात! मूर्तिकाराला हसू आले. परंतु त्याच्या दगडखाणीचा परवाना या गृहस्थाच्या सहीवाचून अडकून पडला होता, म्हणून ते त्याने मिशीतच जिरवले. पुढारी स्टुलावर बसून रुमालाने बुटावरील दगडाची भुकटी झटकत होता. त्याने ईश्वराचे नाव ध्वनिक्षेपकावाचून कधी घेतले नव्हते, आणि ध्वनिक्षेपक हाती आल्यावर दुसऱ्या कोणाचे घेतले नव्हते.

“आणि हा देव निघणार कुठे?”

“माळावर. पडीक जमीन आहे. तुम्ही दगड बघा, भक्ती आम्ही बघतो.”

चाळीस वर्षे मूर्तिकार देव घडवीत आला होता. त्याच्या कुळाचा दंडक असा की, मूर्तीवर कारागिराने आपले नाव कोरायचे नाही. नेत्र उघडले की देव स्वयंभू होतो आणि घडवणारा परका. स्थापनेच्या दिवशी तो गर्दीच्या मागे उभा राही. दारातल्या चपला सांभाळणाऱ्यालाही लोक नावाने हाक मारीत. याला कोणी मारीत नसे.

“बाबा, वाईट नाही वाटत तुम्हाला?” लेक विचारी.

“देवापुढे आपण कोण, बाळ?” तो म्हणे. हे उत्तर त्याला वडिलांकडून मिळाले होते. वाजवून मात्र त्याने कधी पाहिले नव्हते.

लेक समोरच्या शाळेची मुख्याध्यापिका. बारा वर्षे खपून तिने दोन खोल्यांच्या आठ केल्या होत्या. मूर्तिकार येता-जाता तिची थट्टा करी, “तुझी पूर्वेची भिंत ओळंब्यात नाही गं, कललीय.”

“मुलं ओळंब्यात आहेत ना? मग झालं!”

मूर्ती तयार झाली. त्याने नाकाचा शेंडा स्वतःच्या हाताने फोडला, गंजाचे पाणी सात वेळा चढवले, सांध्यांत शेवाळ बसवले. पुढाऱ्याची दोन माणसे पहाऱ्यावर होती. ती चहाला गेली, तेव्हा त्याने मूर्ती आडवी केली आणि बैठकीच्या तळाशी आपले नाव कोरले. खाली चालू वर्षाचा आकडा. उद्या काही उलटलेच, तर दोरी आपल्या हाती असावी, इतकाच हेतू. अक्षरे मात्र फार सुरेख आली. तो ती बराच वेळ पाहत राहिला.

आठवड्याने पुढाऱ्याला स्वप्न पडले. सभेतच त्याने ते सांगितले, डोळे पुसत. देव म्हणाला होता, ‘मी मुलांच्या पायांखाली आहे.’

लेक धावत घरी आली. “बाबा, शाळेचं मैदान खणणार आहेत! देव निघाला, तर इमारत पाडून तिथे मंदिर. साडेतीनशे मुलं मी कुठे नेऊ?”

मूर्तिकार खाली बसला. मग त्याने तिला सारे सांगितले.

“तळाशी माझं नाव आहे,” तो म्हणाला. “सनसुद्धा. चारचौघांत मूर्ती उलटी केली की त्याचं पितळ उघडं पडलं म्हणून समज.”

“आणि खाणीचा परवाना?”

“घाल चुलीत.”

लेकीने त्याचा खरबरीत हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

सोमवारी मैदान माणसांनी भरून गेले. कुदळ ठण्णकन वाजली. मूर्ती वर आली, तसा जयघोष उठला. पुढाऱ्याने पाणावलेले डोळे छायाचित्रकारांकडे वळवले.

मूर्तिकार मातीच्या ढिगावर चढला. “हा देव मी घडवलाय! गेल्याच महिन्यात! उलटा करून बघा, तळाशी माझं नाव आहे!”

सहा जणांनी मूर्ती आडवी केली, एकाने ओल्या फडक्याने तळ पुसला. नाव होते. आकडा होता. त्याने दोन्ही मोठ्याने वाचून दाखवले.

पुढाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या एका क्षणी तो खरोखर देवाला भ्याला असावा. आयुष्यातील ती त्याची पहिलीच उपासना. मग त्याने ध्वनिक्षेपक ओढून घेतला.

“बंधूंनो!” तो गरजला. “हजार वर्षांपूर्वी देवाने आपल्या प्रकट होण्याचं साल लिहून ठेवलं! आणि आपल्या सेवकाचं नावसुद्धा! हे बघा, देवाचा माणूस! अंगात आल्यासारखा बोलतोय, त्याला स्वतःलाच ठाऊक नाही तो कोण आहे!”

कोणी काही विचारले नाही. इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला आणि हात जोडले. एका म्हातारीने मूर्तिकाराच्या पायांवर डोके ठेवले. तिच्यामागे दुसरी. मग त्याचे नाव उठले: आधी शंभर कंठांतून, नंतर हजारो. चाळीस वर्षे कोणी न उच्चारलेले नाव शाळेच्या भिंतींवर आदळून परत येत होते.

लेक गर्दी रेटीत ढिगापाशी पोहोचली. “बाबा, सांगा ना त्यांना! तुमचंच ऐकतील आता!”

पुढाऱ्याने स्वतः ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापुढे धरला.

मूर्तिकाराने खाकरून घसा साफ केला. हजारो माणसे श्वास रोखून उभी होती. त्याने मूर्तीकडे पाहिले, मग शाळेकडे, एक डोळा बारीक करून, अंतर मोजावे तसे.

“दर्शनाला वाट पूर्वेकडून हवी,” तो म्हणाला. “आधी ती भिंत पाडा. तशीही ती ओळंब्यात नाही.”